बिननावाची ओळ

१

मनसाराम कोलू बारसागडे, वय वर्षे बाहत्तर, राहणार मोहटोला, तालुका आरमोरी. आपल्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर ते हे असेच, पूर्णविरामासह लिहीत. टेलिफोन खात्यात ते तारा ओढणारे मजूर म्हणून लागले आणि मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. शाळा सातवीपर्यंत. त्यापुढचे सगळे, म्हणजे इंग्रजी, विजेचे शास्त्र, व्याकरण आणि शेवटी संगणकाची भाषा, त्यांनी एकट्याने वाचून मिळवले होते. एकट्याने मिळवले ही गोष्ट समोरच्याच्या ध्यानात राहील, याचीही ते काळजी घेत.

विहाराला लागून गावाचे दोन खोल्यांचे वाचनालय होते. तालुक्याच्या एका कचेरीने मोडीत काढलेला मोठा संगणक तीन वर्षांपूर्वी तिथे आला. त्याला जोडलेला आणखी एक पडदा आणि कळफलक होता; तो खिडकीशेजारच्या टेबलावर मांडला, म्हणजे एकाच यंत्रावर दोघांना बसता आले असते. आता त्यात यंत्र चालवणारी तयार प्रणाली भरावी आणि मोकळे व्हावे, असे समितीचे म्हणणे पडले. मनसाराम सभेत उभे राहिले.

"जे मी वाचलेले नाही, ते मी गावाला वापरायला देणार नाही."

युनिक्सच्या कुळातल्या काही प्रणाली अशा असतात की त्यांचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स म्हणतात तो, कोणालाही वाचता येतो आणि त्यापासून सबंध प्रणाली आपल्या हाताने बांधता येते. अशीच एक लहानशी प्रणाली मनसारामांनी निवडली. तिच्या चारशे बारा फाइली होत्या. त्या सगळ्या त्यांनी कागदावर छापून घेतल्या, प्रत्येक फाइलचा गठ्ठा सुती दोऱ्याने बांधला, त्यावर क्रमांक घातला आणि वाचायला बसले. गठ्ठा सोडायचा, पेन्सिल घेऊन ओळन् ओळ वाचायची, पुन्हा बांधायचा आणि वहीत त्या क्रमांकापुढे बरोबरची खूण करायची. तीन वर्षांनी वहीत चारशे बारा खुणा झाल्या.

हा हट्ट कुठून आला ते गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होते. मनसारामांचे वडील कोलू यांना अक्षरओळख नव्हती. वनखात्याच्या कामावर ते दर आठवड्याला कागदावर डावा अंगठा उठवत. त्या अंगठ्याची निळी शाई मरेपर्यंत कधी पुरती निघालीच नाही. धाकटा भाऊ मुखरू चांद्याकडे कोळशाच्या खाणीत होता. त्याचे पत्र आले की कोलू ते आरमोरीच्या बाजारात एका लिहित्या माणसाकडून वाचून घेत. एका बाजाराला त्या माणसाला घाई होती आणि त्याने पत्रातली एक ओळ गाळली. मुखरू गेल्याचे महिन्याभराने कळले. पुढे मनसाराम वाचायला शिकले, तेव्हा अकरा वर्षांच्या त्या पोराने डब्यातले जुने पत्र काढून बापाला मोठ्याने वाचून दाखवले. शेवटून तिसरी ओळ होती : दादा, एकदा येऊन जा, मला आता श्वास पुरत नाही.

कोलू एवढेच म्हणाले, "मंग पुढं?"

२

चैत्री पौर्णिमा होऊन गेली होती. प्रणाली बांधून झाली होती. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला ती गावाच्या स्वाधीन करायची होती. बाहेर ऊन असे तापले होते की कौलावरून मांजरसुद्धा जात नव्हते. मनसारामांनी वाचनालयाचे दार लोटून घेतले, यंत्र सुरू केले, आपले नाव दिले आणि सवयीप्रमाणे ती एका अक्षराची आज्ञा दिली. या क्षणी यंत्रावर कोण कोण बसले आहे आणि ते काय करीत आहेत, हे तिने कळते. उत्तर एका ओळीचे यायला हवे होते.

दोन ओळी आल्या.

पहिली त्यांची. दुसरी खिडकीशेजारच्या टेबलावरच्या पडद्याची. तिच्यात नावाची जागा रिकामी होती. शेवटच्या रकान्यात, ती व्यक्ती काय करीत आहे तिथे, फाइल पानापानाने वाचण्याच्या साधनाचे नाव होते आणि त्यापुढे फाइलचे. फाइल मनसारामांनी लगेच ओळखली. एकतिसावी.

त्यांनी मान वळवली. खिडकीशेजारच्या पडद्यावर आणि कळफलकावर पत्नी मनकर्णाबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा धुळीसाठी घातला होता, तो तसाच होता. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती.

तार सैल असेल, असे त्यांनी ठरवले. टेलिफोनच्या नोकरीत सैल तारेने त्यांना अनेक चमत्कार दाखवले होते. ते उठले, टेबलामागे वाकले आणि जोडणारी तार उपटून हातात घेतली. परत येऊन तीच आज्ञा दिली.

दोन ओळी होत्या. आता फाइल बत्तिसावी.

नाव दिल्याखेरीज हे यंत्र कोणाला आत घेत नाही, हे मनसारामांना कोणी सांगितलेले नव्हते. तो भाग त्यांनी स्वतः वाचला होता, नव्वदाव्या गठ्ठ्यात, दोनदा. यंत्र बाहेरच्या कोणत्याही जाळ्याला जोडलेले नव्हते. त्यांनी तार गुंडाळून खणात ठेवली आणि पेन्सिलीने वहीत लिहिले : दोष आढळला. कारण शोधणे.

"दोष" या शब्दाने त्यांना बरे वाटले.

३

"काऊन जी, आज तोंड पाडून बसून राह्यले?" देवरावने विचारले. देवराव ढिवर, मनसारामांच्या वयाचा. रोज सकाळी वैनगंगेवर जाळे टाकून परत येताना मनसारामांच्या ओसरीवर टेकत असे. "कम्प्युटरनं चावलं का?"

"यंत्र चावत नसते, देवराव. यंत्रात दोष असतो आणि त्या दोषाला कारण असते."

"अन् कारण नाई भेटलं तं?"

"तर शोधणाऱ्याने नीट वाचलेले नसते."

"मंग तुमाले भेटनच. तुमी तं माचिसच्या डबीवरचंही पुरं वाचून मंग काडी ओढता."

आतून मनकर्णाबाई हसल्या. त्या दूध कोमट करून बसल्या होत्या. "भाऊ, याइच्या नादी नका लागू. इकडं विरजणाची पंचाईत झाली. मांजरानं गाडगं सांडवलं, विरजणापुरतंही दही नाई राह्यलं."

"मग शेजारून मागून आण," मनसाराम म्हणाले.

"कशाले? हिरव्या मिरचीचे देठ टाकून देते. लागते दही तेवढ्यावर. माही माय तसंच करे. पयल्या दिवशी पातळ लागते, त्याचं विरजण दुसऱ्या दिवशी टाकलं का घट्ट."

मनसारामांचा हात ताकाच्या पेल्यावर थांबला.

प्रणाली सोर्सपासून बांधायची, तर सोर्सचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा एक प्रोग्राम आधी लागतो. त्याला संकलक म्हणतात. संकलकाचाही सोर्स होता आणि तो त्यांनी वाचला होता. परंतु तो सोर्स बांधायला त्यांनी वापरला होता आधीचा, तयार मिळालेला संकलक. त्याच्या आधी आणखी कोणीतरी आणखी कोणता तरी वापरला असणार. दह्याची कृती त्यांनी अक्षरन् अक्षर वाचली होती. विरजण मात्र परक्या घरचे होते. कृतीत नसलेली एखादी गोष्ट एका गाडग्यातून दुसऱ्या गाडग्यात, अशी पिढ्यान्पिढ्या उतरत आली असेल, तर ती कोणत्याही गठ्ठ्यात सापडायची नाही.

"मनकर्णा," ते म्हणाले, "तू आज फार मोलाची गोष्ट सांगितलीस."

"आयकलं का भाऊ? पन्नास वर्षानं पयल्यांदा."

४

वाचनालयात आणखी एक जुनेपुराणे यंत्र धूळ खात होते. त्याच्या स्मृतीत कोणत्याही प्रणालीशिवाय एकेक अंक हाताने भरता येत असे. मनसारामांनी चारशेच्या आतबाहेर अंकांचा एक अगदी लहान प्रोग्राम कागदावर पेनाने मांडला. कोणत्याही संकलकाने त्याला स्पर्श केला नव्हता. हे मिरचीचे देठ. त्यावर त्याहून थोडा मोठा प्रोग्राम बांधला, त्यावर त्याहून मोठा, आणि अकराव्या दिवशी त्यांच्या हाती असा संकलक आला ज्याचे सगळे पूर्वज त्यांनी स्वतः जन्माला घातले होते. त्या दिवसांत त्यांचे जेवण अर्धे झाले आणि ताठा दुप्पट.

मोठ्या यंत्राची तबकडी कोरी केली. सगळी प्रणाली नव्या विरजणाने बांधायला घातली. पायाचा भाग, म्हणजे नाव विचारण्यापुरता आणि आज्ञा घेण्यापुरता, आधी बांधून होतो; बाकीचा त्यावर चढत जातो. पायाचा भाग उभा राहिल्यावर मनसारामांनी आपले नाव दिले.   त्यांनी आज्ञा दिली.

दोन ओळी. दुसरीत नावाची जागा रिकामी. फाइल दोनशे चौथी.

ते पडद्याकडे पाहत असतानाच मागून आवाज आला. ठप्.

कळफलकाच्या साऱ्या कळांत फक्त लांब कळेचा आवाज असा जाड असतो. शब्दांमध्ये जागा सोडायला ती दाबतात. आणि फाइल वाचताना पुढचे पान हवे असेल तर तीच दाबतात. मनसारामांना हा आवाज नवा नव्हता. दिवसाकाठी हजार वेळा ते तो स्वतः करीत, उजव्या अंगठ्याने. आता मात्र त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

ठप्.

लुगड्याच्या तुकड्यावर एकही सुरकुती हलली नाही. मनसाराम उठले नाहीत. वळलेही नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. उष्णतेने लाकूड तडकते, कळफलकाचे प्लास्टिक फुगते, खारी वाशांत फिरतात. अशी सात कारणे त्यांनी वहीत क्रमाने लिहिली. सातवे लिहून होईपर्यंत आवाज आणखी चार वेळा आला, आणि दर वेळी मध्ये एक पान वाचायला लागेल एवढेच अंतर होते.

"वाचा," ते मोठ्याने म्हणाले, रिकाम्या खोलीला. "माझी हरकत नाही. मी वाचलेलेच वाचत आहात."

बोलून झाल्यावर त्यांना दिसले की त्यांच्या हातातली पेन्सिल मोडली होती.

५

बांधणी दोनशे शहाऐंशी फाइलींपर्यंत सुरळीत गेली आणि थांबली.

दोषाचा संदेश आला नाही. यंत्र बंद पडले नाही. ज्या फाइलवर काम चालू आहे तिचे नाव पडद्यावर दिसत होते आणि पुढे काहीच होत नव्हते. मनसारामांनी दिवसभर वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून बांधायला घातले, पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्यांनी ती एका अक्षराची आज्ञा दिली, तेव्हा बिननावाची ओळही त्याच फाइलवर उभी होती. किती वेळ कळ दाबलेली नाही, हे सांगणारा एक रकाना असतो. त्यात आकडा वाढत होता. दोन तास. पाच तास. एक दिवस.

ती वाट पाहत होती. हा शब्द मनसारामांनी वहीत लिहिला नाही.

चौथ्या दुपारी रीता उंदिरवाडे आली. आरमोरीच्या कॉलेजात शिकवायची. वाचनालयाची सचिव तीच. उन्हातून आल्यामुळे ओढणीने कपाळ टिपत ती पडद्यासमोर उभी राहिली.

"काकाजी, राग नका मानू. पौर्णिमेला आठ दिवस राह्यले. अध्यक्ष, विनोदभाऊ, विचारून राह्यले होते. म्हणतात, अडलं असन तर माझ्याकडं तयार प्रणालीची डिस्क आहे, अर्ध्या तासात भरून होते."

"विनोदला सांगा, तांत्रिक अडचण आहे. दूर होईल."

"कुठी अडलं?"

मनसारामांनी पडद्याकडे बोट दाखवले नाही. तिनेच वाचले. "दोनशे सत्त्याऐंशी? ही तर तुम्ही गेल्या सालीच फेब्रुवारीत वाचली. मी होती ना इथी. तुम्ही माझ्यासमोर खूण केली."

"होय," मनसाराम म्हणाले.

"मंग तुमाले तं पाठच असन ती."

 रीता पाणी पिऊन गेली. जाताना तिने सहज विचारले, "तिकडच्या टेबलावर कोण बसते जी? खुर्ची बाहेर ओढून आहे."

ती गेल्यावर त्यांनी कपाट उघडले. चारशे बारा गठ्ठे क्रमाने लावलेले होते. चारशे अकरांचे दोरे सोडून बांधून मळले होते, गाठी ढिल्या होत्या. दोनशे सत्त्याऐंशीचा दोरा पांढराशुभ्र होता आणि गाठ पहिल्या दिवशी मारली तशीच घट्ट होती.

त्या फेब्रुवारीच्या दुपारी समितीची चार माणसे रीताबरोबर दारात उभी होती. महिनाअखेर तीनशेवर पोचेन, असा शब्द मनसारामांनी दिलेला होता. ती फाइल म्हणजे शेकडो जुन्या टर्मिनलांची, म्हणजे पडदा आणि कळफलक यांच्या जोड्यांची, यादी होती, सहा हजार दोनशे ओळी. कोणत्या पडद्याला काय येते आणि काय येत नाही, एवढेच. त्यांतले बहुतेक पडदे वीस वर्षांपूर्वीच भंगारात गेलेले. विनोद म्हणाला होता, "वा, दोनशे सत्त्याऐंशी झाल्या का?" मनसारामांनी त्याच्याकडे पाहत खूण केली होती. नंतर वाचू, असे त्यांनी स्वतःला सांगितले. नंतर ते स्वतःला काहीच सांगेनासे झाले.

६

तेंदूपत्त्याचे दिवस लागले. पहाटेच सारे गाव जंगलात जाई. वाघाच्या भीतीने माणसे जथ्थ्याने जात आणि दुपार उलटल्यावर पुड्या बांधायला परतत. मधल्या वेळात मोहटोल्यात म्हातारी माणसे आणि कुत्री एवढीच उरत. वाचनालयापर्यंत कोणाचाही आवाज पोचत नसे.

पौर्णिमेला पाच दिवस उरले असताना मनसारामांनी बांधणीची यादी उघडली. दोनशे सत्त्याऐंशीवी फाइल यादीतून काढून टाकणे एका ओळीचे काम होते. जुन्या पडद्यांची ती वर्णने नसली तरी यंत्राचे काही अडणार नव्हते. गावातल्या एकालाही ते कधी कळले नसते. त्यांनी ती ओळ शोधली. पुसण्याच्या कळेवर बोट ठेवले.

खिडकीशेजारी खुर्चीचा पाय फरशीवर घासला. थोडासाच.

मनसारामांच्या मानेवरून घामाची धार उतरली. परंतु जे त्यांच्या छातीत उसळून आले ते भय नव्हते. आरमोरीच्या बाजारात, भर उन्हात, हातात पत्र धरून घाईघाईने ओठ हलवणारा तो माणूस त्यांना दिसला. त्यालाही एका ओळीचेच काम होते.

"मी तो नव्हे," ते म्हणाले.

त्यांनी कळेवरून बोट उचलले, कपाटातून गठ्ठा आणला आणि गाठ सोडायला लागले. ती सुटेना. शेवटी दातांनी सोडवली.

पहिली वीस पाने त्यांनी मनात वाचली, पेन्सिल लावून, नेहमीसारखी. मग आज्ञा देऊन पाहिले. बिननावाची ओळ जागची हलली नव्हती. कळ न दाबल्याचा काळ वाढतच होता. त्यांनी आणखी वीस पाने वाचली. काही नाही. खोलीत फक्त यंत्राचा पंखा आणि त्यांचा श्वास.

"मी वाचतो आहे," मनसाराम रागाने म्हणाले. "आणखी काय पाहिजे?"

उत्तराची अपेक्षा नव्हती आणि ते आलेही नाही. परंतु तो प्रश्न मोठ्याने विचारल्यावर त्यांना वाटले, की खोलीने तो ऐकला. पाने वाचली तेव्हा मात्र खोलीने काहीच ऐकले नव्हते. कसे ऐकणार? डोळ्यांनी वाचलेले ज्याला वाचता येते त्यालाच मिळते.

त्यांनी पाने परत सुरुवातीला आणली. खाकरून घसा साफ केला. आणि अकरा वर्षांच्या त्या पोरासारखे, प्रत्येक चिन्हावर थांबत, मोठ्याने वाचू लागले. पहिले पान संपले.

ठप्.

७

चार दुपारी ते वाचत होते. पडद्यांची नावे, अंक, उद्गारचिन्हे, तिरप्या रेघा. पान संपायचे, ठप् व्हायचे, मनसाराम पान उलटायचे. एकदा त्यांना ठसका लागला आणि दोन ओळी निसटल्या. तेव्हा पान संपूनही आवाज आला नाही. त्या दोन ओळी परत म्हटल्यावर आला.

"एवढे लक्ष आहे म्हणता," मनसाराम न वळता म्हणाले. "बरे आहे. श्रोता असा असावा."

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांचा आवाज बसलेला असे. मनकर्णाबाईंनी ज्येष्ठमध उगाळून दिले. "कोणाले वाचून दाखवून राह्यले अजी, येवढ्यानं? देवरावभाऊ म्हणत होते का रस्त्यावर आयकू येते."

"वाचनालयात आहे कोणीतरी," मनसाराम म्हणाले, आणि त्यांच्या लक्षात आले की तिने पुढे काहीच विचारले नाही.

चौथ्या दुपारी यादीच्या शेवटाकडे एक लहान नोंद आली. ती अशा टर्मिनलची होती, ज्याला काहीच येत नाही. रंग नाही, मागे जाता येत नाही, लिहिलेले पुसता येत नाही. फक्त पुढची ओळ घेता येते. तिचे नाव यादीत दिलेले होते : मुके. मनसारामांनी ते वाचले आणि खिडकीशेजारच्या बाजूने, पहिल्यांदाच, कळेचा नसलेला एक आवाज आला. कोणी दीर्घ श्वास आत ओढावा आणि तो पुरू नये, तसा.

मनसारामांनी पुढची ओळ वाचली. 

शेवटचे पान उरले असताना वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. यंत्रासारखे यंत्र एक लोखंडी पेटी होऊन बसले. मनसारामांच्या मनात प्रथम आले ते हे, की आता सुटलो. त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. कागदाला वीज लागत नव्हती. खिडकीच्या फटीतून उजेडाची एक पट्टी येत होती. तिच्यात पान धरायला त्यांना दुसऱ्या टेबलाजवळ, अगदी जवळ जावे लागले. त्यांनी खुर्चीकडे पाहिले नाही. शेवटच्या चाळीस ओळी उभ्याने, एकही न गाळता, खड्या आवाजात वाचल्या.

"संपले," ते म्हणाले.

वीज नव्हती. तार तीन आठवड्यांपासून खणात होती.

ठप्.

मनसारामांनी लुगड्याचा तुकडा एका झटक्यात ओढला.

लांब कळ खाली दबलेली होती, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर येत होती, एखाद्याने नाइलाजाने बोट उचलावे तशी. हा कळफलक कचेरीतही कधी कोणी वापरलेला दिसत नव्हता. कळा पांढऱ्या आणि खरखरीत होत्या. फक्त लांब कळेचा डावा कोपरा झिजून गुळगुळीत झाला होता, आणि त्या गुळगुळीत जागेवर, अजून ओली असल्यासारखी, निळी शाई होती. त्यात बारीक रेषांची वर्तुळे होती. मनसारामांना ती आणखी नीट पाहता आली असती. चष्मा डोळ्यांवरच होता.

त्यांनी कापड परत घातले आणि चारी टोके सारखी केली.

मग वहीत दोनशे सत्त्याऐंशीपुढची फेब्रुवारीची खूण एका रेघेने खोडली. शेजारी नवी खूण केली, तारखेसह.

८

वीज आल्यावर बांधणी पुन्हा लावली. ती दोनशे सत्त्याऐंशीवरून न अडखळता पुढे गेली आणि चारशे बारावीपर्यंत पोचून संपली.

बुद्धपौर्णिमेला वंदना झाल्यावर माणसे वाचनालयात जमली. विनोदने हार आणला होता. मनसारामांनी तो हातात घेतला, टेबलावर ठेवला आणि उभे राहिले.

"मनसाराम कोलू बारसागडे," त्यांनी सुरुवात केली, जणू साक्षीला उभे होते. "मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुम्हा चौघांसमोर एक खोटी खूण केली. एक फाइल मी वाचलेली नव्हती. आता वाचलेली आहे. ज्याला माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल त्याने ठेवू नये; गठ्ठे कपाटात आहेत, स्वतः वाचून घ्यावे."

 देवराव मागून म्हणाला, "चारशे बारातून एकच ना जी? आमच्या जाळ्यातून तं निम्मे मासे सुटते." सगळे हसले. मनसाराम हसले नाहीत, पण हार त्यांनी गळ्यात घातला.

रीताने यंत्र सुरू करून आज्ञा देऊन पाहिली. तिच्या कपाळाला आठी पडली. "काकाजी, इथी एक जास्तीची ओळ आहे. नाव नाई तिले. फाइलही नाई. काढून टाकू का?"

"नाव नाही म्हणून बाहेर काढायचे?" मनसाराम म्हणाले. खोलीत सगळ्यांना ऐकू गेले. "राहू द्या. ज्याला हरकत असेल त्याने माझ्याशी बोलावे."

रीताने कळफलकावरून हात काढला.

यंत्र तेव्हापासून गावाच्या वापरात आहे. खिडकीशेजारच्या टेबलावर कोणाला बसवत नाहीत. त्यावरचे कापड मनकर्णाबाई महिन्याने बदलतात आणि खाली पाहत नाहीत. चारशे बारा फाइली मोठ्याने वाचून पावसाळ्यातच संपल्या. बिननावाची ओळ अजून दिसते, आणि फाइलच्या नावाची जागाही आता रिकामीच असते. म्हणून रोज दुपारी मनसाराम जे हाती येईल ते वाचतात : वर्तमानपत्र, औषधाच्या बाटलीवरचा कागद, ग्रामसभेची नोटीस. आवाज बसला तरी ओळ गाळत नाहीत.

मनसाराम कोलू बारसागडे आता मनात वाचत नाहीत.